घड्याळ कंपनीचे, वेळ कामगाराचा

तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांत एक प्रथा चांगलीच रुजलेली आहे. रिगवरील पथकाने ठरावीक मुदत अपघाताविना पार पाडली, अथवा एखाद्या कामगाराची पाच, दहा किंवा पंधरा वर्षांची सेवा पुरी झाली, की त्याला कंपनीचे बोधचिन्ह असलेले मनगटी घड्याळ देण्यात येते. तबकडीवर कंपनीचे नाव, क्वचित डेरिकचे चित्र. पाठीमागे कामगाराचे नाव आणि साल कोरलेले. छोटेखानी समारंभ होतो, वरिष्ठ अधिकारी हस्तांदोलन करतात, छायाचित्र निघते आणि ते कंपनीच्या वार्तापत्रात छापले जाते.

एवढ्याशा वस्तूसाठी पक्षाच्या साप्ताहिकाने आपली पाने का खर्च करावीत, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, भांडवल ज्या गोष्टी आपल्या ताळेबंदात लिहीत नाही, त्या पुष्कळदा अशा लहान वस्तूंवर लिहिलेल्या सापडतात. वरवर पाहता हे घड्याळ म्हणजे कामगाराचा सत्कार आहे. वस्तुतः हक्काच्या जागी कृपा आणि सुरक्षिततेच्या जागी मौन बसवण्याचे ते साधन आहे. हे विधान कठोर वाटेल. पण ते पुराव्यानिशी सिद्ध करता येते.

बक्षीस की वेतन?

प्रथम साधा हिशेब पाहू. समुद्रातील रिगवर पाळी बारा तासांची असते. चार आठवडे काम आणि चार आठवडे सुटी असे चक्र धरले, तर एका फेरीत कामगार ३३६ तास राबतो. वर्षाकाठी सुमारे २,२०० आणि पाच वर्षांत जवळजवळ ११,००० तास. पाच वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेले घड्याळ दोनशे डॉलरचे धरले, तरी तासामागे दोन सेंटही पडत नाहीत. हा हिशेबही कामाइतकीच सुटी ज्याच्या वाट्याला येते, त्याचा आहे. आखाती देशांतील रिगवर भारत, पाकिस्तान वा फिलिपाइन्समधून गेलेल्या कामगाराच्या फेऱ्या पुष्कळदा याहून लांब आणि सुट्या याहून तोकड्या असतात.

श्रमाचा मोबदला पैशातच मिळाला पाहिजे, हे तत्त्व कामगारवर्गाला कोणी दान दिलेले नाही. इंग्लंडमधील खाणमालक व कारखानदार वेतनाऐवजी माल देत, किंवा आपल्याच दुकानात चालणारी नाणी देत. त्या लुटीला आळा घालण्यासाठी तेथे १८३१ चा ट्रक कायदा करावा लागला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने वेतन चलनातच देण्याचे बंधन घातले. घड्याळ हे वेतन नसून वेतनाबाहेरील भेट आहे, असे कंपनीचा वकील म्हणेल. आणि कायद्याच्या भाषेत ते खरेही असेल. पण नेमका आक्षेप तोच आहे. भेटीचा दर ठरवता येत नाही, तिच्यावर दावा सांगता येत नाही, ती सेवासमाप्तीच्या रकमेत धरली जात नाही आणि मालकाच्या मर्जीने ती केव्हाही बंद होऊ शकते. वेतन मागता येते. भेटीबद्दल आभारच मानावे लागतात.

मुंबईच्या कामगार चळवळीला हा फरक अनुभवाने ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत गिरणीमालकांनी कामगारांना बोनस दिला. नफा ओसरताच त्यांनी हात आखडता घेतला आणि १९२४ च्या प्रारंभी गिरण्यांत मोठा संप झाला. सरकारने सरन्यायाधीश नॉर्मन मॅक्लिओड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कसलाही हक्क पोचत नाही, असा निर्वाळा तिने दिला. बोनस म्हणजे धन्याची खुशी! ही खुशी हक्कात रूपांतरित व्हायला चाळीस वर्षे लागली. १९६५ साली बोनस कायदा आला. आणीबाणीत १९७५ साली वटहुकुमाने त्याचे दात पाडण्यात आले आणि १९७७ नंतर ८.३३ टक्के किमान बोनस पुन्हा प्रस्थापित झाला. १९७४ च्या रेल्वे संपातही बोनस ही एक प्रमुख मागणी होती, हे समाजवादी कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. बोनस हे लांबणीवर टाकलेले वेतन आहे, हा त्या सर्व लढ्यांचा आशय होता. २०१९ च्या वेतन संहितेलाही ८.३३ टक्क्यांची किमान मर्यादा पुसून टाकता आली नाही. आपल्या चळवळीने बक्षिसाचा हक्क केला. घड्याळ वाटणारी कंपनी नेमकी उलट्या दिशेने चालते. ती हक्काचे बक्षीस करते.

'मान' देऊन 'दाम' चुकवण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. गावगाड्यात महारांच्या वाट्याला आलेले वतन, बलुत्याची भाकर आणि हातातील काठी यांनाही मानच म्हटले जाई. त्या मानापोटी रात्रंदिवस राबणूक होती आणि मजुरीचा दर मात्र नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेकौन्सिलात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही बेडी तोडण्यासाठी. सरंजामशाहीने शेलापागोटे दिले, भांडवलशाही घड्याळ देते. बोळवण तीच आहे.

तेलभूमीवरील दुफळी

ही भेटीची संस्कृती जेथे सर्वाधिक फोफावते, तेथे संघटनेचा हक्क कसा आहे ते पाहावे. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या देशांत स्वतंत्र कामगार संघटना स्थापन करण्याची मुभा नाही. याचा अर्थ तेथील कामगार कधी लढलाच नाही, असा नव्हे. इराणमधील अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीने हिंदुस्थानातून मोठ्या संख्येने कामगार नेले होते. त्यांनी १९२० साली संप करून वेतनवाढ मिळवली. १९२२ साली त्यांनी पुन्हा संप केला, तेव्हा कंपनीने त्यांच्यापैकी पुष्कळांची मायदेशी रवानगी केली. सौदी अरेबियात अराम्कोच्या हजारो कामगारांनी १९५३ साली संप पुकारला. १९५६ साली तेथे पुन्हा असंतोष उसळला, आणि त्याच वर्षी राजाज्ञेने संपावरच बंदी आली. आखातातील तेलाच्या इतिहासाची ही पाने कोणत्याही कंपनीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सापडणार नाहीत.

अराम्कोच्या त्या काळातील वसाहतींत अमेरिकन, इतर परदेशी आणि अरब अशा निरनिराळ्या वस्त्या होत्या. घर, पाणी, दवाखाना या सर्वांत प्रतवारी होती. ती रेषा आजही पुसली गेलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविषयक विशेष प्रतिनिधी २०१९ साली कतारला गेल्या. राष्ट्रीयत्वावर आधारलेल्या तेथील उतरंडीचे वर्णन करण्यासाठी त्यांना 'जात' हाच शब्द वापरावा लागला. पगाराची श्रेणी कौशल्यावरून नव्हे, पारपत्रावरून ठरायची आणि घड्याळ मात्र सर्वांना सारखे द्यायचे, यालाच कंपनी 'एक कुटुंब' म्हणते. कुटुंबातील भावाभावांचे पगार सारखे करा म्हटले की मात्र नाते संपते.

सेवेच्या गौरवाची इतकी हौस असेल, तर ती सेवासमाप्तीच्या रकमेत दिसावी. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार ही रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरसाल २१ दिवसांच्या आणि त्यापुढे दरसाल ३० दिवसांच्या मूळ वेतनावर काढतात. 'मूळ वेतन' या शब्दांत सारी मेख आहे. पगारपत्रकात मूळ वेतन जितके लहान आणि भत्ते जितके मोठे, तितका मालकाचा अखेरचा देय आकडा लहान. दहा वर्षे राबलेल्या माणसाला अशा रीतीने हक्काच्या रकमेत कात्री लावायची आणि टाळ्यांच्या गजरात मनगटावर घड्याळ बांधायचे, हा सत्कार नव्हे. ही हातचलाखी आहे.

वेळ कोणाचा बुडाला?

येथवरचा आक्षेप पैशाचा झाला. याहून गंभीर आक्षेप जिवाचा आहे.

तेलधंद्यात सुरक्षिततेचे सर्वांत लाडके माप म्हणजे 'लॉस्ट टाइम इन्ज्युरी', अर्थात ज्या दुखापतीमुळे कामाचा वेळ बुडाला ती दुखापत. या शब्दप्रयोगाकडे नीट पाहावे. माणसाचे बोट गेले की नाही, पाठ कायमची दुखावली की नाही, हे या मापाला महत्त्वाचे वाटत नाही. तो पुढच्या पाळीला हजर राहिला की नाही, एवढेच ते विचारते. अमेरिकेत अशा दुखापतींचे प्रमाण दोन लाख तासांमागे काढतात. शंभर कामगारांनी आठवड्याला चाळीस तासांप्रमाणे पन्नास आठवडे केलेले ते काम. बुडालेला वेळ कंपनीचा, म्हणून गणतीही तिच्याच सोयीची. आणि वेळ बुडू दिला नाही म्हणून बक्षीस काय, तर घड्याळ!

हे बक्षीस बहुधा साऱ्या पथकाला मिळून असते. एकाने दुखापत नोंदवली की सर्वांचे घड्याळ जाते. साहजिकच जखमी माणसावर फोरमनचे नव्हे, तर त्याच्या सोबत्यांचेच दडपण येते. तो जखम बांधतो आणि गप्प बसतो. जखम लपवण्याजोगी नसेल, तर त्याला कार्यालयात 'हलके काम' देऊन बसवले जाते. तो हजर असतो, म्हणून वेळ बुडालेला नसतो. वेळ बुडालेला नसतो, म्हणून दुखापत झालेली नसते. मालकाने कामगारावर कामगारालाच पहारेकरी नेमले आणि त्या पहाऱ्याचा खर्च एका घड्याळात भागवला. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे: ज्या आकड्यावर बक्षीस लावाल तो आकडा सुधारतो, आकड्यामागील वस्तुस्थिती सुधारेलच असे नाही.

ही केवळ डाव्यांची कल्पना नव्हे. अमेरिकी सरकारच्या कामगार-सुरक्षा प्रशासनाने मार्च २०१२ मध्ये परिपत्रक काढले. दुखापत न नोंदवण्यास उत्तेजन देणाऱ्या बक्षीस-योजना कायद्याचा भंग करणाऱ्या ठरू शकतात, अशी ताकीद त्यात होती. २०१६ साली त्याविषयी नियमही करण्यात आला. मग सरकार बदलले आणि २०१८ साली त्याच प्रशासनाने त्या नियमाचा अर्थ पुष्कळच सैल करून टाकला. कोणाच्या दडपणाखाली, हे सांगायला ज्योतिषी नको.

२० एप्रिल २०१० रोजी लुइझियानाच्या किनाऱ्यापलीकडे, मेक्सिकोच्या आखातात, 'डीपवॉटर होरायझन' या रिगवर जे घडले ते या प्रथेचे सर्वांत भयंकर भाष्य आहे. रिग ट्रान्सओशन कंपनीची, विहीर बीपीची. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी हेलिकॉप्टरने रिगवर आले होते. वेळ बुडवणाऱ्या एकाही दुखापतीविना सात वर्षे काढल्याबद्दल कामगारांचे अभिनंदन करणे, हा त्या भेटीचा एक हेतू होता. त्याच दिवशी विहिरीच्या दाबाच्या चाचणीने दिलेला धोक्याचा इशारा चुकीचा वाचला गेला. रात्री दहाच्या सुमारास वायू उसळला, स्फोट झाला आणि रिगवरील १२६ जणांपैकी ११ जण मेले. त्यांचे मृतदेहही हाती लागले नाहीत.

या ११ जणांना सात वर्षांचा विक्रम वाचवू शकला नाही, कारण तो विक्रम मुळात त्यांच्या जिवाचे माप नव्हता. पाय घसरणे, बोट चेपणे यांची मोजदाद होत होती. विहिरीच्या पोटातील दाबाची, सिमेंटच्या गुणवत्तेची, लांबणीवर टाकलेल्या दुरुस्तीची होत नव्हती. दुर्घटनेच्या काही आठवडे आधी ट्रान्सओशननेच लॉइड्स रजिस्टर या संस्थेकडून एक गोपनीय पाहणी करवून घेतली होती. चुका वा धोके कळवले तर आपल्यावर सूड उगवला जाईल, अशी भीती रिगवरील कामगारांनी तीत व्यक्त केली होती. विक्रम आणि भीती एकाच लोखंडावर शेजारी शेजारी नांदत होती. किंबहुना ती भीतीच विक्रमाची जननी होती.

पुढचा अध्याय याहून लज्जास्पद आहे. स्फोटानंतर महिन्याच्या आतच कंपनीने अमेरिकेतील १८५१ च्या एका सागरी कायद्याचा आधार घेऊन आपली जबाबदारी सुमारे २.७ कोटी डॉलरपुरती मर्यादित करावी, असा अर्ज केला. २०११ साली तिने भागधारकांना कळवले की, सुरक्षिततेच्या दृष्टीने २०१० हे कंपनीच्या इतिहासातील सर्वोत्तम वर्ष होते. त्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांना बक्षिसी रकमाही देण्यात आल्या. गदारोळ उठल्यावर त्या अधिकाऱ्यांनी ती रक्कम मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला देऊ केली. अकरा माणसे मेली तरी 'सर्वोत्तम' ठरणारे वर्ष ज्या मापाने मोजता येते, त्या मापाबद्दल आणखी काय बोलायचे? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना रोख रक्कम मिळते. चिखलात उभ्या राहणाऱ्याला घड्याळ.

हा अपवाद म्हणावा तर २३ मार्च २००५ चा टेक्सास सिटीचा स्फोट समोर येतो. बीपीच्या त्या कारखान्यात १५ जण मेले. सर्वच्या सर्व कंत्राटी कामगार. त्यानंतर नेमलेल्या बेकर समितीने २००७ साली स्पष्ट सांगितले होते की, कंपनी वैयक्तिक दुखापतींचे घटते आकडे पाहून एकूण यंत्रणाच सुरक्षित असल्याचे समाधान मानत होती. इशारा मिळून तीन वर्षे लोटल्यावर डीपवॉटर होरायझन जळाली.

अभिमान कोणाचा, मोहर कोणाची?

एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिक माणसेही घेतील. कामगाराला हे घड्याळ आवडते. तो ते वर्षानुवर्षे जपतो, मुलाला देतो. त्याच्या आनंदावर विरजण घालण्याचा अधिकार पुस्तकी समाजवाद्यांना कोणी दिला?

हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. रिगवर पंधरा वर्षे काढणे ही थोर गोष्ट आहे. वादळात, आवाजात, तेलकट लोखंडावर, घरापासून हजारो मैल दूर राहून ज्याने आपले काम चोख केले, त्याला त्याचा अभिमान वाटलाच पाहिजे. त्या अभिमानाची टवाळी करणारा कामगारांचा मित्र नव्हे. पण तो अभिमान त्याच्या श्रमाचा आहे, सोबत्यांच्या विश्वासाचा आहे. कंपनी त्यावर स्वतःचे नाव उमटवते आणि श्रमाची निष्ठा बोधचिन्हाची निष्ठा म्हणून दाखवते. आक्षेप या चोरीवर आहे. घड्याळ जपणाऱ्या मनगटावर नाही.

अशी मोहर उमटल्यावर वस्तूचे मोल कोणाच्या पदरात पडते, याचे एक उदाहरण पाणबुड्यांचे आहे. समुद्रतळावरील तेलाच्या कामासाठी पाणबुडे पुरवणाऱ्या मार्सेयच्या कोमेक्स या फ्रेंच कंपनीला रोलेक्सने १९७० च्या दशकात खास घड्याळे पुरवली. खोल पाण्यात दीर्घकाळ राहताना घड्याळात शिरणारा हेलियम बाहेर पडावा, अशी झडप त्यांना होती आणि तबकडीवर कोमेक्सचे नाव होते. आज अशी घड्याळे लिलावात मूळ किमतीच्या शेकडो पटींनी विकली जातात. त्याच काळात उत्तर समुद्रात उतरलेल्या पुष्कळ पाणबुड्यांच्या वाट्याला मात्र मज्जासंस्थेचे आणि फुफ्फुसांचे विकार आले. पाण्यातून किती वेळात वर आणायचे याची कोष्टके निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी होती आणि धंद्यातील स्पर्धेपायी ती गुप्त राखली जात. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये नॉर्वेच्या सरकारला दोषी धरले, ते पाणबुड्यांना या धोक्याची आवश्यक माहिती मिळेल अशी व्यवस्था केली नाही म्हणून. त्या धंद्यात वेळ मोजण्याचे यंत्र कामगाराच्या हाती होते. किती वेळ सुरक्षित आहे, हे ज्ञान मात्र मालकाच्या तिजोरीत होते.

मागायचे काय?

घड्याळ नाकारा, अशी हाक देण्यात अर्थ नाही. ज्याला संघटनेचा हक्क नाही, त्याने एकट्याने नकार द्यावा असे घरी बसून सांगणे सोपे आहे. मागणी व्यवस्थेकडे केली पाहिजे. पहिली मागणी अशी की, दुखापत न होण्याशी वा न नोंदवण्याशी निगडित असलेली प्रत्येक बक्षीस-योजना बंद झाली पाहिजे. बक्षीस द्यायचेच असेल, तर धोका उघड करणाऱ्याला द्यावे. दुसरी, सेवेचा गौरव रोख स्वरूपात आणि कराराने ठरलेल्या दराने व्हावा, आणि सेवासमाप्तीची रक्कम संपूर्ण वेतनावर काढली जावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी म्हणजे धोक्याचे काम थांबवण्याचा अधिकार. नॉर्वेच्या १९७७ च्या कायद्याने कामगारांनी निवडलेल्या सुरक्षा-प्रतिनिधीला हा अधिकार दिला. ब्रिटनमध्ये मात्र 'पायपर अल्फा'वर ६ जुलै १९८८ रोजी १६७ माणसे जळून वा बुडून मेल्यानंतर, १९८९ साली समुद्रातील कामगारांना आपले सुरक्षा-प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. हक्कांची किंमत ही अशी मोजावी लागते.

आखाती देशांशी श्रमिकांविषयी करार करताना भारत सरकारने या तीन मागण्या पटावर मांडल्या पाहिजेत. पण त्यासाठी आपले घर आधी झाडावे लागेल. मे २०२१ मध्ये ताउते चक्रीवादळाची पूर्वसूचना असताना मुंबई हायच्या क्षेत्रात तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या कामावरील 'पी ३०५' हा निवासी तराफा सुरक्षित बंदरात नेला गेला नाही. तो बुडाला, 'वरप्रदा' ही टगबोटही बुडाली. दोहोंवरील २७४ जणांपैकी ८६ जण मेले. त्यांत बहुसंख्य कंत्राटी कामगार होते. वादळ येत आहे, काम थांबवा, असे म्हणण्याचा अधिकार त्यांतील एकालाही नव्हता. जे सरकार स्वतःच्या समुद्रात हा अधिकार देत नाही, ते परक्यांच्या समुद्रात तो कोणत्या तोंडाने मागणार?

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे दूरदेशीची गोष्ट म्हणून पाहू नये. कोकणातील आणि मुंबईतील हजारो घरांचा चरितार्थ आखातातील श्रमावर चालतो. सुटीवर आलेल्या त्या माणसांशी बोलले पाहिजे. त्यांचे करारपत्र, मूळ वेतनाचा आकडा आणि न नोंदवलेल्या जखमा यांची माहिती गोळा केली पाहिजे. कारण तेथे बंद असलेले तोंड येथे उघडू शकते. कामगाराच्या मनगटावर घड्याळ असण्याला कोणाचाच विरोध नाही. ते त्याने आपल्या पुऱ्या वेतनातून, आपल्या पसंतीने विकत घेतलेले असावे, आणि विहिरीतून धोक्याची चाहूल लागताच 'आता थांबा' असे म्हणण्याचा अधिकार ते बांधणाऱ्या माणसाला असावा.